कणगीवरचं झाकण

पेवाचं तोंड उघडलं की जाणता माणूस लगेच आत उतरत नाही. सोलापूर-सांगलीकडच्या जुन्या शेतकऱ्यांना हे लहानपणापासून ठाऊक असतं. जमिनीत खोल खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा तो खड्डा. भिंतींना कडब्याचं अस्तर, त्यात ओतलेली ज्वारी, वर दगडी फरशी आणि फटींना मातीचा लिंपा. आत कोंडलेल्या हवेतला प्राणवायू हळूहळू संपतो, कीड मरते आणि ज्वारी टिकते. पण ज्या हवेत कीड जगत नाही तिच्यात माणूसही जगत नाही. म्हणून फरशी सरकवून पेव आधी बराच वेळ उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर अजून थांबायचं.

अशा पेवांवरूनच ‘पेव फुटणं’ हा वाक्प्रचार आला. आज तो शिकवणी वर्गांना आणि चौकातल्या फलकांना लावला जातो. पेवात दाणे होते, हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही नसतं. साठवणीचा दुसरा शब्द याहून बोलका आहे: बेगमी. फारसीतून आलेल्या या शब्दात ‘बे’ म्हणजे विना आणि ‘गम’ म्हणजे चिंता. पावसाळ्याची बेगमी, वर्षाची बेगमी. घरात दाणे भरले, आता घोर नाही. संतांनीही माणसाला निश्चिंत व्हायलाच सांगितलं, पण त्यांची वाट नेमकी उलटी: भार देवावर टाक आणि उद्याची काळजी सोड. एक निश्चिंती कणगी भरून येते, दुसरी कणगीकडे पाठ फिरवून. या दोन्ही एका घरात नांदू शकतात का? तांदूळ, डाळ, तेल, मीठ, गूळ भरून ठेवणाऱ्या माणसाचा देवावरचा विश्वास तेवढा कमी समजायचा का?

प्रश्न पोथीतला वाटतो, पण अलीकडेच तो प्रत्येकाच्या दारात येऊन उभा राहिला होता. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि त्याच मध्यरात्री ती लागूही झाली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. वर्षाचं धान्य भरणाऱ्या घरांत नवा गहू चैत्र-वैशाखात येतो. म्हणजे वर्षभरात ज्या दिवसांत कोठ्यांचा तळ दिसतो, नेमके तेच ते दिवस. त्या रात्री वाण्याच्या दुकानासमोर रांगा लागल्या. एक जण तेलाचे डबे गाडीत चढवत होता आणि त्याच्यामागचा मिठाच्या एका पुड्यासाठी ताटकळत होता. दोघंही घाबरलेलेच. तरी दोघांच्या हातून जे घडत होतं त्याची जात वेगळी होती, हे बघणाऱ्याला कोणी सांगावं लागलं नाही.

मराठीनं हा भेद शब्दांतच करून ठेवला आहे. बेगमी किंवा साठवण म्हटलं की वाळवणाचा वास येतो. साठेबाजी म्हटलं की शिवी ऐकू येते. दाणा तोच, कोठारही तेच. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली सरकार व्यापाऱ्याच्या साठ्यावर मर्यादा घालतं, पण चार माणसांच्या घरातल्या गव्हाच्या कोठीत डोकावत नाही. तिथला कायदा धर्माचा आणि मनाचा, आणि त्यावरचा वाद फार जुना आहे.

बौद्ध संघात तर तो चिमूटभर मिठावरून झाला. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे १०० वर्षांनी वैशालीत दुसरी संगीती, म्हणजे भिक्षूंची धर्मसभा, भरली, असं परंपरा सांगते. वज्जी देशातल्या भिक्षूंचे दहा आचार तिथे वादात होते. सोनं-चांदी स्वीकारणं हा त्यांतला मोठा मुद्दा. पण यादीत पहिला आचार होता शिंगात मीठ साठवण्याचा. भिक्षेत मिळालेलं अन्न अळणी असेल तर लागेल म्हणून जनावराच्या पोकळ शिंगात थोडं मीठ बाळगायचं, इतकंच. ७०० भिक्षू जमले आणि दहाही आचार अमान्य ठरले. एवढ्याशा मिठासाठी एवढी मोठी सभा, असं वाटू शकतं. पण विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांचा, कटाक्ष समजून घ्यायला हवा: आज मीठ ठेवलं की उद्या तेल ठेवावंसं वाटेल, आणि परवा त्या तेलाला कुलूप लागेल.

तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच द्रव्यं आजारी भिक्षूला औषध म्हणून चालत, पण सात दिवसांच्या वर ठेवायची नाहीत. या नियमामागची विनयातली गोष्ट स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही पटेल. पिलिंदवच्छ नावाच्या थोर भिक्षूकडे या वस्तूंचा ओघ लागला. तो आपल्या मंडळींना वाटून टाकी आणि मंडळी साठवून ठेवत. घडे भरले, रांजण भरले, पिशव्या भरून खिडक्यांना टांगल्या. त्या पाझरू लागल्या आणि विहारात उंदीर झाले. साठ्याची राखण करता करता माणूस साठ्याचा चाकर कसा होतो, ते इतक्या घरगुती चित्रातून क्वचितच कोणी दाखवलं असेल.

गांधीजींनी हीच गोष्ट पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगातून १९३० साली आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत मांडली. अपरिग्रहावर लिहिताना ते म्हणतात की संग्रह म्हणजे उद्याची तरतूद. सत्याच्या शोधकाला ती शोभत नाही, कारण देव स्वतः उद्यासाठी काही राखून ठेवत नाही. आदर्श म्हणून त्यांनी पाखरू डोळ्यांपुढे ठेवलं. त्याला घर नाही, वस्त्र नाही, उद्याचा दाणाही नाही.

या विचाराची उंची मान्य करूनही एक गोष्ट बोलावी लागते. पाखरू ज्या शेतात उतरतं ते कोणीतरी राखून ठेवलेल्या बियाण्यातून उगवलेलं असतं. भिक्षूचं पात्र सकाळी रिकामं राहू शकतं, कारण गावातल्या कोणाच्या तरी घरी तांदूळ भरलेले असतात. संचय सोडलेला माणूस संचय केलेल्याच्या उंबऱ्यावरच उभा राहतो. जुन्या धर्मकारांना हे दिसत होतं. जैनांनी साधूसाठी अपरिग्रहाचं महाव्रत सांगितलं, पण श्रावकाला परिग्रह-परिमाणाचं व्रत दिलं: धन-धान्य ठेव, पण किती ठेवणार ते आधी ठरव आणि ती रेघ ओलांडू नकोस. गृहस्थाच्या मापाचं याहून नेमकं उत्तर सापडणं कठीण. मनुस्मृतीनं ब्राह्मण गृहस्थाच्या पायऱ्या लावल्या. कोठारभर धान्य असणारा, घडाभर असणारा, तीन दिवसांपुरतं असणारा आणि उद्यासाठी काहीच नसणारा, ज्याला ‘अश्वस्तनिक’ म्हणतात. यांत पुढचा मागच्यापेक्षा श्रेष्ठ मानला.

इथे मात्र थांबून विचारायला हवं. आज पहाटे मजूर-नाक्यावर उभी राहणारी बाईदेखील अश्वस्तनिकच आहे. ती तेल छोट्या पाकिटात आणते, डाळ पावशेर घेते आणि काम मिळालं तरच संध्याकाळी पीठ येतं. अन्नसुरक्षा कायद्यानं २०१३ पासून प्राधान्य गटातल्या शिधापत्रिकेवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळण्याचा हक्क दिला आहे. त्यातून बेगमी होत नाही, महिना कसाबसा ढकलला जातो. तिची रिकामी कणगी हे व्रत नाही. जिला साठवता येत नाही तिला साठवू नकोस म्हणणं, आणि देवावर भरवसा ठेव म्हणणं, हा त्या थोर विचाराचा अपमान आहे. अपरिग्रह हा ज्याच्याजवळ दाणे आहेत त्यानंच स्वतःला विचारायचा प्रश्न.

तैत्तिरीय उपनिषद या बाबतीत मोकळेपणानं बोलतं. भृगुवल्लीत अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, अन्न वाढवावं, अशी व्रतं एकामागून एक येतात. त्यांतलं शेवटचं महत्त्वाचं आहे. आसऱ्याला आलेल्या कोणालाही परत पाठवू नये, आणि त्यासाठी जमेल त्या मार्गानं पुष्कळ अन्न मिळवून ठेवावं. उपनिषदानं साठवण मान्य केली, पण तिचं कारण दारात उभं केलं. येणाऱ्याला ‘नाही’ म्हणावं लागू नये म्हणून घरात अन्न हवं. उद्या येणारा कोण, ते भरणाऱ्याला ठाऊक नसतं. धान्यातला त्याचा वाटा मात्र आजच ठरून गेलेला असतो.

कौटिल्यानं हेच राज्याच्या हिशेबात बसवलं. अर्थशास्त्रातला कोष्ठागाराध्यक्ष म्हणजे कोठारांचा अधिकारी. जमा झालेल्यातला अर्धा भाग प्रजेच्या आपत्तीसाठी राखून ठेवावा, उरलेला अर्धा वापरावा आणि जुन्याच्या जागी नवा माल भरत राहावा, अशी त्याला आज्ञा आहे. धान्य कसं ठेवावं, तेल कोणत्या भांड्यात, मीठ कुठे, हेही तिथे सांगितलं आहे. गोरखपूर जिल्ह्यातल्या सोहगौरा इथे सापडलेला एक छोटा ताम्रपट दोन कोठारांविषयी आहे. त्यावर कोठारांची चित्रं कोरलेली आहेत आणि अडीअडचणीच्या वेळी त्यातलं धान्य वापरावं असा आशय आहे. आपत्काळासाठी अन्न राखण्याची कल्पना या देशात किमान २,००० वर्षं जुनी आहे.

पण कोठार भरणं हे निम्मं काम. ते कोणी, कधी आणि कोणत्या बोलीवर उघडायचं, हा खरा पेच. महाराष्ट्राच्या मनात त्याचं एक उत्तर घर करून आहे आणि ते मंगळवेढ्याचं आहे.

पंधराव्या शतकातली गोष्ट. बेदरच्या बहामनी सुलतानाच्या वतीनं दामाजीपंत मंगळवेढ्याचा कारभार पाहत होते. दुष्काळ पडला. लोकांनी त्याला पुढे ‘दामाजीपंताचा दुष्काळ’ असंच नाव दिलं. कोठारात सरकारी धान्य होतं आणि बाहेर माणसं मरत होती. दामाजीपंतांनी कोठार उघडलं. बेदरला खबर गेली, त्यांना पकडून न्यायला शिपाई आले. तेवढ्यात, कथा सांगते, विठू महार नावाचा एक माणूस खांद्यावर घोंगडी टाकून दरबारात हजर झाला, सगळ्या धान्याची किंमत त्यानं चुकती केली आणि पावती घेतली. ती पावती दामाजींना आपल्या गीतेच्या पोथीत सापडली. महिपतींनी १७६२ साली पुऱ्या केलेल्या भक्तविजयात ही कथा आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती कीर्तनांतून रंगत आली आहे.

ऐकणारा चमत्कारापाशी गहिवरतो. पण खोल अर्थ हिशेबात आहे. विठू महाराच्या रूपात आलेल्या विठ्ठलानं ‘धान्य साऱ्यांचं आहे, पैसे कसले मागतोस?’ असं सुलतानाला बजावलं नाही. त्यानं पैसे भरले. राज्याचा साठा हा राज्याचा आहे, तो एका कारभाऱ्याची मालमत्ता नाही, हे कथेनं मान्य केलं. आणि त्याचबरोबर, भुकेल्यापुढे कोठाराला कुलूप ठेवणं हे सुलतानाच्या हुकमापेक्षा मोठं पाप आहे, हेही मान्य केलं. दोन्ही धर्म खरे, दोघांत खरी ओढाताण, आणि मधलं अंतर भरून काढायला देवाला स्वतः यावं लागलं. तेही कोणाच्या रूपात? ज्याच्या स्वतःच्या घरी कणगी असण्याचा संभव सर्वांत कमी, अशा गावकुसाबाहेरच्या माणसाच्या. हे मंगळवेढ्यातच घडावं याला वजन आहे. त्याच गावचं कूस बांधताना ते अंगावर कोसळून संत चोखोबा गेले, अशी परंपरा आहे. ज्या गावाचं संरक्षण करणारी भिंत चोखोबा बांधत होते, त्या भिंतीच्या आत राहण्याचा अधिकार त्यांना नव्हता. आणि त्याच गावच्या कोठाराची किंमत चोखोबांच्याच जातीचा वेष घेतलेल्या देवानं भरली. ही कथा ज्यांनी रचली त्यांना साठ्याचा धर्म किती आतून कळला होता!

याच्याशेजारी बायबलमधला योसेफ ठेवून पाहावा. फारोच्या स्वप्नाचा अर्थ लावून त्यानं सुकाळाच्या सात वर्षांत मिसर देशाच्या पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरला. कुराणातल्या सूरा यूसुफमध्ये तर साठवणीची रीतही आहे: खायला लागेल तेवढंच मळायचं, बाकीचं कणसातच राहू द्यायचं. दुष्काळ आला तेव्हा धान्य होतं. लाखो जगले असतील. पण उत्पत्तीच्या ४७ व्या अध्यायात पुढचा व्यवहारही नोंदला आहे. लोकांनी आधी पैसे दिले, पैसे संपल्यावर गुरं दिली आणि शेवटी जमीन आणि स्वतःचं अंग फारोला विकलं. कोठार वेळेवर भरलं, वेळेवर उघडलं, जीव वाचले, आणि एक अख्खा देश गुलाम झाला. योसेफाच्या दूरदृष्टीला नमस्कार करावाच; दाणा हातात असलेल्यानं उपाशी माणसाशी कोणता सौदा करू नये, तेही त्याच कथेतून वाचावं.

महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना १९७२ चा दुष्काळ आठवतो. परदेशातून आलेली लाल मिलो आणि दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी. खडी फोडणारे हात शेतकऱ्यांचे होते, एरवी ज्यांच्या घरी दुसऱ्यांना द्यायला दाणे असत त्यांचे. त्या अनुभवातून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. फुकट धान्य वाटण्यापेक्षा कामाचा हक्क देण्यात माणसाची मान ताठ राहते, हा विचार दामाजीपंतांच्या गोष्टीतल्या पावतीच्या जवळचा वाटतो.

कोकण-गोव्याकडे वळलं की साठवण भीतीतून बाहेर येते आणि ऋतूची सोबतीण होते. रायगड-मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळ्याआधीच्या भरणीला आगोट म्हणतात. सुके बोंबील, सुकट, सोडे, कडवे वाल, आमसुलं, जाडं मीठ, लाकूडफाटा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. मासळीला अंडी घालायला उसंत मिळते. माणसानं सुकवून ठेवलं म्हणून समुद्राला विसावा घेता येतो. साठवणीत दुसऱ्या जीवाची अशीही काळजी असू शकते, याचा अपरिग्रहाच्या चर्चेत कोणी विचार केलेला दिसत नाही.

गोव्यात याला पुरुमेंत म्हणतात; तरतूद या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून तो घडला. आणि ही खरेदी चक्क चर्चच्या फेस्ताला होते. ईस्टरनंतर म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीचं फेस्त भरतं, मडगावला होली स्पिरिट चर्चचं. वर प्रार्थना चालू असते आणि बाहेर सुक्या मासळीच्या, मिरच्यांच्या, चिंचेच्या, सोलांच्या राशी लागलेल्या असतात. मिलाग्रिस सायबिणीला शिरगावच्या लईराईची बहीण मानतात, त्यामुळे हिंदूही तिच्या पायांशी येतात. देवावर भार टाकून त्याच पावली पुढच्या चार महिन्यांचं मीठ-मिरची घेऊन घरी जाणाऱ्या त्या माणसाला श्रद्धा आणि बेगमी यांत भांडण असल्याचं कोणी सांगितलेलं नाही. गीता ज्याला योगक्षेम म्हणते त्यातलं क्षेम म्हणजे मिळालेल्याचं रक्षणच. देव ते वाहतो म्हणतो. वाहायला त्याला माणसांचे हात लागतात, बहुतेक वेळा बायकांचे.

वैशाखात गच्चीवर गहू पसरतात तेव्हा हे हात दिसतात. जुन्या सुती साडीवर गहू, मधूनमधून पायानं फिरवलेले, त्यात पावलांच्या रेघा. तिसऱ्या उन्हानंतर म्हातारी वाकून एक दाणा उचलते आणि दाताखाली धरते. कट्कन तुटला तर झालं. चिवट लागला तर आणखी एक ऊन. मग तळहातावर एरंडेलाचे चार थेंब घेऊन ते गव्हाला चोळायचं, दाण्यादाण्याला लागेल असं. हाताला गव्हाचा उबारा लागतो. तेलाच्या त्या पातळ थरामुळे किडीला अंडी घालायला जागा राहत नाही. तांदळाला बोरिक पावडर, कोठीच्या तळाशी कडुनिंबाचा वाळला पाला, तिखटाच्या बरणीत हिंगाचे खडे, चिंचेला मीठ. पीठ कधी साठवायचं नाही, दाणे साठवायचे. पिठाला वास येतो. तेल फार भरायचं नाही, ते खवटतं. मीठ आणि गूळ मात्र ओल लागली नाही तर राहतात. कोठीच्या तळाशी गेल्या वर्षीचे चार शेर उरले असतील तर ते वेगळे काढून आधी संपवायचे. कौटिल्याचं नाव न ऐकलेली म्हातारी त्याच्याच नियमानं चालते.

तिचे आणखीही नियम आहेत. अनेक घरांत धान्य ‘संपलं’ असा शब्द काढत नाहीत, ‘वाढलं’ म्हणतात. डबा खरवडून रिकामा करत नाहीत, मूठभर तळाशी ठेवतात. भरायला घेण्याआधी एक माप बाजूला काढतात. ते कोणाला जायचं ते त्या वेळी ठरलेलं नसतं. एके काळी गावोगाव मुष्टिफंड चालत. रोजच्या शिजवायच्या धान्यातून बाईनं एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची आणि त्यातून कुठल्याशा वसतिगृहातली मुलं जेवायची. उपनिषदातल्या व्रताला इतकं लहान, रोज पाळता येईल असं रूप बायकांनी दिलं. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूनं बोलायला हवी. सूर्यानं दिलेली द्रौपदीची थाळी द्रौपदी स्वतः जेवेपर्यंतच अक्षय असे. वनात आलेल्या प्रत्येकाला अन्न मिळे, कारण ती शेवटी जेवे. कोठीच्या किल्ल्या जिच्या कमरेला, तिच्याच ताटात टंचाईच्या दिवसांत सर्वांत कमी पडलं, हे कितीतरी घरांत घडलं आहे. साठवणीच्या धर्मात तिचा वाटा आधी मोजायला हवा.

पोथीत पावती सापडल्यावर दामाजीपंतांनी चाकरी सोडली, असं कथा सांगते. देवाला आपल्यापायी राबावं लागलं, हे त्यांना सोसवेना. कथा त्यांच्या मागे पंढरपूरकडे जाते, पण मंगळवेढ्यात कोठार रिकामंच होतं. पुढे केव्हा तरी पाऊस झाला असेल, काळ्या रानात ओल धरली असेल, कोणीतरी ज्वारी पेरली असेल. त्या भुईत आजही मालदांडी ज्वारी पिकते. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. जुन्या रीतीनं रास मोजायला बसलेला शेतकरी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही. तो ‘लाभ’ म्हणतो, माप पोत्यात ओततो, आणि मग दुसरं भरायला वाकतो.